कादरभाईचे हॉटेल आणि आपल्या आठवणी

पन्नाशी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली आणि बोलणे दूरदर्शनच्या जुन्या दिवसांवर गेले, की ‘नुक्कड’ मालिकेचे नाव निघतेच. अमरावतीच्या इतवाऱ्यात निघते, अकोल्याच्या मोहम्मद अली रोडवरही निघते. शाळेच्या स्टाफरूममध्ये निघते, वलीम्याच्या दस्तरखानावरही निघते. कुणी खोपडीची नक्कल करतो, कुणी कादरभाईची. हसून झाले की शेवटचे वाक्य ठरलेले असते : ‘वो जमानाच अलग था.’ उर्दू वाक्यात मराठीचा ‘च’ घालून बोललेले हे खास आमच्या वऱ्हाडातले वाक्य. या लेखात आम्हाला याच वाक्याची तपासणी करायची आहे. तो जमाना खरोखरच वेगळा होता काय? आणि आपल्याला हळहळ वाटते ती नेमकी कशाची?

आधीच सांगितलेले बरे, की आज तिशीत असलेली आमची पिढी या मालिकेची थेट प्रेक्षक नव्हे. ‘नुक्कड’ आम्ही आधी ऐकली आणि नंतर पाहिली. ऐकली ती वडीलधाऱ्यांकडून, पाहिली ती संगणकावर आणि मोबाइलवर. मोहल्ल्यातल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसण्याची गंमत आमच्या वाट्याला आली नाही. पण यात एक सोयही आहे. बालपणाचा गोडवा मध्ये येत नसल्याने मालिकेकडे मालिका म्हणून पाहता येते.

‘नुक्कड’ १९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर दाखवली गेली. दिग्दर्शक कुंदन शाह आणि सईद अख्तर मिर्झा. दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ १९८३ साली आणि मिर्झांचा ‘मोहन जोशी हाजिर हो’ १९८४ साली आला होता. दोन्ही चित्रपटांत मुंबईतल्या घरांचा, इमारतींचा आणि त्यात भरडल्या जाणाऱ्या साध्या माणसांचा प्रश्न होता. लेखन प्रबोध जोशी आणि अनिल चौधरी यांचे. दूरदर्शनवर तोपर्यंत ‘हम लोग’ आणि ‘ये जो है जिंदगी’ (दोन्ही १९८४) येऊन गेल्या होत्या. एकीत मध्यमवर्गीय कुटुंब, दुसरीत दिवाणखाना. ‘नुक्कड’ने दिवाणखाना बाजूला ठेवला आणि रस्त्याचा कोपरा घेतला. तिथे गुरू हा इलेक्ट्रिशियन (दिलीप धवन), सायकल दुरुस्त करणारा हरी (पवन मल्होत्रा), घरकाम करणारी राधा (संगीता नाईक), भीक मागणारा घनशू (सुरेश भागवत), दारुडा खोपडी (समीर खक्कर), करीम हज्जाम (जावेद खान), गणपत हवालदार (अजय वढावकर), शाळेत शिकवणाऱ्या टीचरजी (रमा विज) आणि या सगळ्यांना चहा पाजणारा कादरभाई (अवतार गिल).

विनोदी मालिका म्हटली की मराठी वाचकाला ‘चिमणराव’ आठवतील. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले चिमणराव मुंबई-पुण्याकडच्या माणसांच्या काळजात घर करून आहेत. पण मुंबई केंद्राचे प्रक्षेपण तेव्हा वऱ्हाडापर्यंत पोहोचत नव्हते. त्यामुळे ती आठवण महाराष्ट्राची म्हणून सांगितली जात असली, तरी वऱ्हाडाची ती नाही. आमच्या जिल्ह्यांत टीव्ही खऱ्या अर्थाने आला तो १९८४ नंतर, ठिकठिकाणी लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली तेव्हा; आणि तो आला तो दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम घेऊन. म्हणून वऱ्हाडी माणसाची पहिली टीव्ही-आठवण हिंदीत आहे.

आमच्या पिढीची मराठी आठवण म्हणाल तर ती ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ची. प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ ते २००५ या काळात तेव्हाच्या अल्फा मराठीवर येत असे. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या आमच्यासारख्यांना घरगुती मराठी कशी बोलतात, आजोबा नातवाला कसे टोमणे मारतात, आई रागावली की वाक्य कुठे तोडते, हे पाठ्यपुस्तकाने शिकवले नाही. टिपऱ्यांच्या घराने शिकवले. त्या मालिकेवर आमचे प्रेम आहे. पण त्या घरात आम्ही पाहुणे होतो. पाहुण्याला चहा मिळतो, आपुलकी मिळते, पण स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने पाणी घ्यायला तो कचरतो. कादरभाईच्या हॉटेलात मात्र आमच्या वडीलधाऱ्यांना पाहुण्यासारखे वाटले नाही, कारण हॉटेलच त्यांच्यातल्या एकाचे होते. मुस्लिम मोहल्ल्यांत ‘नुक्कड’ची आठवण इतकी जिवंत राहण्याचे मूळ आम्हाला येथे दिसते.

त्याआधीच्या पडद्यावरचा मुसलमान आठवून पाहा. ‘मेरे मेहबूब’ (१९६३) किंवा ‘पाकीजा’ (१९७२) यांतला मुसलमान नवाब असतो, शायर असतो, तवायफ असते. शेरवानी, झुंबर आणि अदब. वऱ्हाडात असा मुसलमान कुणी पाहिला होता? आमच्याकडचा मुसलमान हमाली करतो, गॅरेज चालवतो, भाजीची गाडी लावतो, पिंजारी असतो, बागवान असतो, आणि फार तर शाळामास्तर असतो. नंतरच्या काळात पडद्यावर तस्कर आले, मग अतिरेकी आले, आणि त्यांच्या तोंडावर उतारा म्हणून देशासाठी जीव देणारा एखादा नेक मुसलमान आला. हे सगळे मुसलमान काहीतरी सिद्ध करण्यासाठी पडद्यावर आलेले. कादरभाईला काही सिद्ध करायचे नाही. त्याची चिंता एवढीच, की उधारी वसूल कशी करायची. तो कुरकुरतो, ओरडतो, आणि तरीही कप पुढे सरकवतो. करीम केस कापतो आणि चौकातल्या भानगडींत नाक खुपसतो. दोघांनाही कुणी ‘तुम्ही कोण’ असे विचारत नाही आणि तेही ‘आम्ही कोण’ हे सांगत बसत नाहीत. मुसलमान असणे हा त्यांचा प्रश्न नसून त्यांचे नाव आहे. हा साधेपणा आज इतका दुर्मीळ झाला आहे, की पन्नाशीच्या माणसांचा गळा दाटून यावा याचे नवल वाटत नाही.

भाषेचेही तसेच. आम्ही वर्गात मुलांच्या तलफ्फुजवर मेहनत घेतो. ‘काफ’ आणि ‘क़ाफ’ यांतला फरक समजावतो. पण वर्गाबाहेर पडताच ती मुले जी भाषा बोलतात, तिच्यात उर्दूच्या अंगावर वऱ्हाडीचा सदरा असतो. ‘नुक्कड’मधली बोली मुंबईच्या रस्त्यावरची, वऱ्हाडची नव्हे. तरीही ती आमच्या लोकांना जवळची वाटली, कारण तीही अनेकांनी मिळून घडवलेली, कुणाच्याच व्याकरणात न बसणारी. गणपत हवालदाराची मराठी वळणाची हिंदी आणि कादरभाईची बोली एकाच टेबलावर बसते. शुद्ध बोला, असे कुणी कुणाला बजावत नाही. शिक्षक म्हणून आम्हाला टीचरजींचे पात्रही लक्षणीय वाटते. चौकाने त्यांना नावाऐवजी हुद्द्याने हाक मारली, आणि त्या हाकेत मान होता. आजही आमच्या मोहल्ल्यांत शिकवणाऱ्या बाईचे नाव लोक विसरतात आणि ‘टीचर’ तेवढे लक्षात ठेवतात.

येथवर आठवणीची बाजू झाली. आता त्या ठरलेल्या वाक्याकडे येऊ. जमाना वेगळा होता, असे म्हणणाऱ्यांनी ‘नुक्कड’च्या वर्षांच्या शेजारी इतर घटना मांडून पाहाव्यात. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी आणि मुंबई परिसर दंगलीत होरपळला होता. एप्रिल १९८५ मध्ये शाहबानो खटल्याचा निकाल लागला आणि देशभर वादळ उठले. १ फेब्रुवारी १९८६ रोजी अयोध्येत बाबरी मशिदीचे कुलूप उघडले गेले. मे १९८७ मध्ये मेरठच्या हाशिमपुऱ्यातून उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांनी मुस्लिम पुरुषांना ट्रकमधून नेले आणि गोळ्या घातल्या. त्या खटल्यात दोषसिद्धी व्हायला २०१८ साल उजाडले. मुंबईत १९८२ साली सुरू झालेल्या गिरणी संपाने लाखो कामगारांचे संसार उघड्यावर आणले होते. ‘नुक्कड’चा काळ हा असा आहे. दूरदर्शनवर गणपत हवालदार कादरभाईच्या हॉटेलात चहा घेत होता, त्याच काळात हाशिमपुऱ्यात ट्रक उभा राहिला होता.

मग ही मालिका खोटी होती काय? आम्हाला तसे वाटत नाही. आमच्या वाचनात ‘नुक्कड’ हा त्या काळाचा आरसा नाही, त्या काळाला दिलेले उत्तर आहे. आरसा म्हणून पाहिले तर ती फसवी ठरेल. उत्तर म्हणून पाहिले तर तिच्या बांधणीतली हुशारी कळते. चौकातला सलोखा तिथे आकाशातून पडत नाही आणि कुणी भाषण देऊन तो निर्माण करत नाही. तो उधारीच्या वहीवर उभा आहे. गुरूला काम मिळाले तर कादरभाईचे पैसे सुटणार, हरीचे दुकान चालले तर घनशूच्या हातावर काही पडणार. खोपडी कितीही पिऊन आला तरी चौक त्याला हाकलत नाही, कारण त्याला हाकलले तर उद्या आपल्यालाही कुणी हाकलेल, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. माणसे रोज भांडतात, आणि भांडण मिटवण्याची गरज रोज पडते, कारण उद्या सकाळी चहा तिथेच प्यायचा आहे. एकोपा हा शब्द आपण फार पवित्र करून ठेवला आहे. ‘नुक्कड’मध्ये तो रोजच्या कामासारखा आहे : पाणी भरणे, शटर उघडणे, हिशेब लिहिणे, एकोपा राखणे.

मालिकेत दोष नाहीत असेही नाही. गरिबी तिथे फार लवकर हसरी होते. उपाशी माणसाच्या तोंडी विनोद शोभतो, पण तोच त्याच्या भुकेवर पडदाही टाकतो. ‘गरीब थे मगर खुश थे’ हे जे दुसरे लाडके वाक्य आहे, त्याला खतपाणी अशाच ठिकाणी मिळाले. गणपत हवालदारही गरजेपेक्षा गोड आहे. अर्थात, बीटवरच्या हवालदाराला चौकातल्या माणसांची नावे माहीत असणे ही किती मोलाची गोष्ट आहे, हे संचारबंदी अनुभवलेल्या गावांना सांगायला नको. तेवढ्यापुरता तो गोडवा माफ करता येईल.

तिसरी उणीव आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. लोकांच्या आठवणीतला कादरभाई नेहमी गल्ल्यावर असतो. तो घरी गेल्यावर काय होतो? त्याची बायको काय म्हणते, मुलगी कितवीत शिकते, अयोध्येची बातमी रेडिओवर लागली तेव्हा त्या घरात कोण कुणाकडे पाहते? मालिका कोपऱ्याची आहे, त्यामुळे घराचे दार तिने फारसे ठोठावले नाही. मुसलमान ओझे न होता पडद्यावर आला, पण त्याचे ओझे बाहेर ठेवूनच आला, असेही म्हणता येईल.

विशेष म्हणजे ही उणीव मिर्झांनीच भरून काढली. १९८९ साली त्यांचा ‘सलीम लंगडे पे मत रो’ आला. ‘नुक्कड’मध्ये हरी झालेला पवन मल्होत्राच त्यात सलीम झाला. तोच चेहरा, तीच मुंबई; पण आता कॅमेरा घरात शिरतो. गिरणीतली नोकरी गेलेला बाप, शिवणकाम करणारी आई, लग्नाला आलेली बहीण, आणि तिच्यासाठी सांगून आलेला अस्लम, जो शिकलेला असून उर्दू मुद्रितशोधनावर पोट भरतो. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या माणसाला हा अस्लम आपला विद्यार्थी वाटल्याशिवाय राहत नाही. सलीमला वाट सापडते तोच त्याचा खून होतो. पुढे १९९५ च्या ‘नसीम’मध्ये मिर्झांनी थेट आठवण हाच विषय घेतला. कैफी आझमींनी साकारलेले आजोबा शाळकरी नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगत राहतात, बाहेर १९९२ ची हवा तापत जाते, आणि ६ डिसेंबरला आजोबांचा मृत्यू होतो. जुन्या काळाच्या गोष्टी कितीही सुंदर असल्या तरी नातीला पुढचे आयुष्य त्यांच्या आधारावर काढता येणार नाही, हे त्या चित्रपटाने सांगितले. ‘नुक्कड’च्या कर्त्याने स्वतःच जुन्या आठवणींची मर्यादा दाखवून दिली आहे. पण हे दोन चित्रपट थोड्यांनी पाहिले, आणि ‘नुक्कड’ घराघरांत गेली. कादरभाईचे हॉटेल सर्वांच्या लक्षात राहिले, सलीमचे घर राहिले नाही. १९९३ मध्ये, मुंबईच्या दंगलींनंतर, ‘नया नुक्कड’ही आला, आठवणी काढताना त्याचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आमच्या दोन शहरांत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये करीम हज्जाम झालेले जावेद खान अमरोही गेले. पुढच्याच महिन्यात, १५ मार्चला, खोपडी साकारणारे समीर खक्कर गेले. आम्ही ज्या व्हॉट्सअॅप गटांवर आहोत, त्यांत सर्व जातिधर्मांच्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. ‘आता असे चौक राहिले नाहीत’ असे संदेश पुढे पाठवले गेले. दोन महिने होत नाहीत तोच, १३ मे २०२३ च्या रात्री, समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल पेटली आणि एका माणसाचा जीव गेला. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये, १२ तारखेच्या मोर्चानंतर आणि १३ तारखेच्या बंदमध्ये, अमरावतीने दगडफेक, जाळपोळ आणि संचारबंदी पाहिली होती. दोन्ही वेळा इंटरनेट बंद झाले, शटर खाली आली. सर्वांत आधी बंद पडले ते चौकातले चहाचे ठेले, गिला वड्याच्या गाड्या, पंक्चरची दुकाने. म्हणजे गुरू, हरी, करीम आणि कादरभाई यांचाच रोजगार. त्यांचा धर्म कोणता, हे शटरला कळत नाही.

खोपडीसाठी रडलेले डोळे मे महिन्यात कुठे होते, असा प्रश्न कुणी विचारला तर तो कडवट वाटेल. पण तो विचारायला हवा, आणि स्वतःला धरून विचारायला हवा. आमच्या मोहल्ल्यातही ‘पहले सब मिलके रहते थे’ म्हणणारे बुजुर्ग आहेत आणि ‘अब उनके होटल में मत जाओ’ म्हणणारी पोरेही आहेत. पलीकडेही तेच चित्र असणार. आठवण काढण्याचा एक तोटा असा, की तिच्यामुळे आपण चांगले आहोत अशी खात्री पटते आणि मग आज काही करायची गरज उरत नाही. जमाना वाईट आला, माणसे बदलली, आपण काय करणार? ‘वो जमानाच अलग था’ या वाक्याची खरी अडचण ही आहे. ते दुःखाचे वाक्य वाटते, पण काम करते सुटकेच्या वाक्याचे.

आम्ही आठवीच्या मुलांना मराठीच्या तासाला ‘माझा चौक’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे पुतळा, सिग्नल, स्वच्छता वगैरे लिहिले. पण काहींनी वेगळे लिहिले. एकाने लिहिले, की त्याचे अब्बा सकाळी ज्या मामांच्या हॉटेलातून पोहे आणतात, त्या मामांनी संचारबंदी उठल्यावर आठ दिवस पैसे घेतले नाहीत, कारण अब्बांची गाडी बंद होती. मामांचे आडनाव मुलाने लिहिले नव्हते. त्याला ते माहीतही नसावे. वाचताना आमच्या लक्षात आले, की कादरभाई अजून आहे. फक्त या वेळी तो चौकाच्या दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या नावाने बसला आहे आणि आपल्या आठवणींच्या गप्पांत त्याची गणती होत नाही. टीव्हीवरचा कादरभाई आठवायला सोपा आहे. आजच्या मामांची ओळख ठेवायला रोज त्यांच्याकडे जावे लागते.

या अंकाचे वाचक बहुतेक लिहिणारेही आहेत, म्हणून शेवटी साहित्याबद्दल दोन शब्द. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण म्हणत आलो, की मराठीतला मुसलमान आपण स्वतः लिहू. पुष्कळ लिहिलेही गेले. पण आमच्या नजरेतून पाहिले तर आपल्या लेखनात दंगल आली, तलाक आला, गरिबी आली, मोहल्लाही आला; हसणारा चौक मात्र कमी आला. विनोद हे जणू आपले काम नाही, अशी समजूत होऊन बसली आहे. दुःख सांगणाऱ्याला सहानुभूती मिळते. पण जो आपल्यावर आणि शेजाऱ्यावर सारख्याच मोकळेपणाने हसू शकतो, त्यालाच बरोबरीची जागा मिळते. कादरभाईला ती मिळाली होती. वऱ्हाडी उर्दूत आणि वऱ्हाडी मराठीत शेजारी बसून केलेली थट्टा आमच्या कापूस बाजारांत, एस.टी. स्टँडवर आणि गॅरेजांत आजही रोज ऐकू येते. ती कागदावर यायची बाकी आहे. कादरभाईचे घरही लिहायचे बाकी आहे, आणि ते मुंबईहून कुणी येऊन लिहील याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

‘नुक्कड’ जरूर पाहावी, मुलांना दाखवावी, हसावे. मात्र पाहून झाल्यावर ‘वो जमानाच अलग था’ असे म्हणण्याआधी थोडे थांबावे. तो जमाना बऱ्याच बाबतींत याच्यासारखाच होता. त्या जमान्यात काही माणसांनी ठरवून एक चौक उभा केला, त्यात एक हॉटेल घातले आणि त्याच्या गल्ल्यावर कादरभाईला बसवले. त्या हॉटेलात आपण इतकी वर्षे आठवणींचा चहा उधारीवर पीत आलो आहोत. वहीत आपल्या नावावर बरेच साचले आहे, आणि ते फेडायचे ठिकाण आपल्याच चौकात आहे.